चौसष्टच्या होल्डनचा सेन्सर

क्लेम ट्रेम्बथ ऑगस्टमध्ये गेला आणि त्याची चौसष्ट सालची होल्डन शेडमध्ये उभी राहिली. वॉलरूत त्या गाडीला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. अंग फिकट निळं, छप्पर पांढरं आणि बंपरवर कुठं ओरखडा म्हणून नाही. दर रविवारी सकाळी क्लेम तिला पुसायचा, मग त्याची बायको ऱ्होडा थर्मास आणि केकचा डबा घेऊन डाव्या बाजूला येऊन बसायची. दोघं मूंटा बेपर्यंत जायची, गाडीतच चहा प्यायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायची. बोलणं फारसं नसायचं. क्लेम इंजिनचा आवाज ऐकत असायचा, ऱ्होडा समुद्र बघत असायची.

तो गेल्यावर तीन महिने ती शेडकडे फिरकली नाही. सव्वीस वर्षं पोस्टात टपालाची वर्गवारी केलेल्या बाईला दिवस कसा भरायचा ते ठाऊक असतं, पण कितीही भरला तरी संध्याकाळी पाचनंतर तो उरायचाच. एकुलता मुलगा ग्लेन दोन हजार किलोमीटरवर, काल्गुर्लीच्या खाणीत. रविवारी त्याचा फोन यायचा.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"पाऊस?"

"नाही अजून."

मग दोघंही थोडा वेळ नुसताच फोन धरून बसायची आणि कुणीतरी एक म्हणायचं, "बरं मग."

नोव्हेंबरात मर्व्ह रोएट आला. मर्व्ह जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. धंद्यानं खाटीक, आता निवृत्त, क्लेमच्या वर्गातला. शेडच्या दारात उभा राहून त्यानं गाडीकडे असं पाहिलं की जणू ती त्याच्याकडे यायला निघालीच आहे.

"अगं ऱ्होडा, अशी उभी ठेवलीस तर मरेल ती. रबरं सुकतात, ब्रेक धरतात. विकायची असेल तर सांग. चार जण रांगेत आहेत, पहिला मी."

"विकायची नाही."

"मग चालवणार कोण?"

"मी."

मर्व्ह हसला नाही, पण हसू आवरायला त्याला टोपी काढून पुन्हा घालावी लागली. "मे महिन्यात कॉर्निश जत्रा आहे," तो म्हणाला. "मिरवणुकीत क्लेमची गाडी नाही असं गेल्या तीस वर्षांत झालेलं नाही. क्लबातला आपला डॅरिल चालवेल. तू बाजूला बस, मस्त टोपी घालून."

"बाजूला मी पुष्कळ बसलेय, मर्व्ह."

दुसऱ्या दिवशी तिनं शेड उघडली. होल्डनचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. क्लेमचा हात मोडला होता त्या वर्षी तिनं ही गाडी तीन-चारदा चालवली होती, तेवढीच काय ती शिदोरी. त्या वेळी क्लेमनं तिला एकच गोष्ट बजावली होती. डॅशबोर्डखाली उजव्या गुडघ्याशी एक गोल काटा बसवलेला होता, इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा. "बाकी काही बघू नकोस," क्लेम म्हणाला होता, "हा बघ. हा लाल पट्ट्यात गेला की असशील तिथं थांब. शहाणपणा करायचा नाही."

तिनं किल्ली फिरवली. दोन आचके देऊन इंजिन चालू झालं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, बॉनेटवर हात ठेववेना, पण काटा होता तिथंच पडून राहिला.

कॅडिनाच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, सेन्सर गेलाय. हा सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. एक टोक इंजिनच्या पाण्यात बुडालेलं, दुसऱ्या टोकाला एक वायर, आणि वायरीच्या शेवटी तो काटा. गॅरेजवाल्यानं पुस्तकात इंजिनचा नंबर पाहून नवा सेन्सर मागवला आणि बसवून दिला. जुना त्यानं भंगारच्या डब्यात टाकला. ऱ्होडानं तो मागितला नाही. मागावा हे तिला सुचलंच नाही, आणि पुढं चार महिने ती त्याबद्दल स्वतःला बोल लावत राहिली.

कारण परत येताना वॉलरूचे गव्हाचे सायलो, ती उंच कोठारं, दिसायच्या आत काटा लाल पट्ट्यात गेला. ती थांबली. बॉनेट उघडून, झाड ना झुडूप अशा त्या रस्त्याच्या कडेला चाळीस मिनिटं उभी राहिली. वाफ नव्हती, वास नव्हता, पाण्याचा थेंब गळत नव्हता. काटा उतरल्यावर निघाली, तर पाच किलोमीटरवर पुन्हा लाल. कॅडिना ते वॉलरू म्हणजे दहा किलोमीटर, त्याला तिला दोन तास लागले. येणारे जाणारे हात करून विचारत होते, "ठीक ना?" आणि ती अंगठा दाखवत होती. शेडमध्ये गाडी लावून ती तशीच बसून राहिली. कुणाला सांगावं असं घरात कुणी नव्हतं.

गॅरेजवाला म्हणाला, इंजिन तापतंय. रेडिएटर धुऊन झाला, पाण्याचा पंप बदलून झाला, काटा आपला लालच. डिसेंबर गेला, जानेवारीच्या भर उन्हाळ्यात सगळं गाव उन्हानं पांढरं पडलं. ऱ्होडा रोज सकाळी ऊन व्हायच्या आत गाडी फक्त चालू करून काट्याकडे बघत बसायची.

एके दिवशी क्वांडाँगच्या रानफळांचा जॅम करताना तिच्या हातात जॅमचं थर्मामीटर होतं. लांब काचेचं, पितळी पिंजऱ्यातलं, तिच्या सासूचं. जॅम किती तापला हे बघायला ती रंगावर किंवा नुसत्या अंदाजावर कधी गेली नव्हती. तिनं शेगडी बंद केली, हात पुसले आणि शेडमध्ये गेली. गार इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण काढून ते थर्मामीटर तिनं तारेनं तोंडात टांगलं आणि गाडी चालू केली. पारा चढत चढत ब्याऐंशीवर गेला आणि थांबला. वीस मिनिटं तिथंच. काटा मात्र लाल पट्ट्याच्या पार टोकाला.

म्हणजे इंजिन तापतच नव्हतं. खोटं बोलत होता तो सेन्सर.

हे तिनं क्लबच्या पुढच्या बैठकीत सांगितलं. मर्व्हनं कपाळाला हात लावला. "गाडीचा जॅम करतेस काय, बाई?" सगळी मंडळी हसली. ऱ्होडाही थोडी हसली. पण चहाच्या वेळी एक-दोघांनी येऊन विचारलं की नेमकं कसं टांगलं, तेव्हा तिला बरं वाटलं.

मग शोध सुरू झाला. ॲडलेडहून टपालानं एक सेन्सर आला. त्याचे आटे इंजिनातल्या भोकाच्या आट्यांशी जुळेनात. ती पान्यानं जोर लावणार होती, पण दीड फेऱ्यांतच तो अडकला तेव्हा हात आखडता घेतला. तिसरा एका भंगारवाल्याकडून आणला. तो बसला, पण त्यानं उलटंच केलं. थर्मामीटर पंचाऐंशी सांगत असताना काटा गारच. हा पहिल्यापेक्षा वाईट. पहिला उगाच घाबरवत होता, हा मरणाच्या दारातही 'सगळं ठीक' म्हणत राहिला असता.

मार्चमध्ये तिनं क्लेमची फोनची वही काढली. त्याच्या मोठ्या, डावीकडे कललेल्या अक्षरांची पानं ती तोवर टाळत आली होती. विजेच्या कामांच्या पानावर एक नाव होतं: 'कोस, पिरी.' खाली नंबर. पिरी म्हणजे पोर्ट पिरी, पण हा कोस कोण ते तिला माहीत नव्हतं. तिनं फोन लावला.

"मिनर्विनी," पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"मी ऱ्होडा ट्रेम्बथ, वॉलरूहून. क्लेम ट्रेम्बथची बायको."

"क्लेम! गव्हाचा ट्रकवाला. काय म्हणतोय तो?"

"तो गेला. ऑगस्टमध्ये."

पलीकडे वाजत असलेला रेडिओ बंद झाला. मग म्हातारा म्हणाला, "मला कुणी कळवलं नाही."

"मला तुम्ही माहीत नव्हतात."

"हं. तो बोलायचा कुठं? माझ्या दुकानात तीन-तीन तास बसायचा. एवढ्यात दहा वाक्यं. ट्रक बिघडला की पिरीला, गाडी बिघडली की पिरीला. तुम्हाला काय हवंय, बाई?"

तिनं सगळं सांगितलं: पहिला सेन्सर, दुसरा, तिसरा, जॅमचं थर्मामीटर, त्यावर मर्व्हचं हसणं. वहीतला कोस म्हणजे हा कोसिमो मिनर्विनी. शेवटी त्यानं विचारलं, "काटा कुठला आहे?"

"म्हणजे?"

"सेन्सर सगळे विचारतात. काटा कुणी विचारत नाही. अहो, ही नवराबायकोची जोडी असते. पाणी तापलं की सेन्सर वीज जास्त सोडतो, आणि किती सोडली त्यावर काटा हलतो. एका घरचा सेन्सर दुसऱ्या घरच्या काट्याला लावलात की तो बोलतो एक, हा ऐकतो दुसरंच. गाडीचा मूळ काटा डॅशबोर्डात असतो. तुमचा कुठं आहे?"

"डॅशबोर्डच्या खाली. वेगळा. गोल."

"झालं तर मग. इंजिनच्या नंबरानं सेन्सर शोधताय आणि काटा दुसऱ्याच कुणाचा. काढून आणा तो. दोन स्क्रू असतील, एक वायर डावीकडे, एक उजवीकडे. कुठली कुठं ते आधी लिहून ठेवा."

त्याच दुपारी ती गुडघ्याखाली उशी घेऊन गाडीच्या दारात बसली. मग बसून जमेना म्हणून चक्क पाठीवर आडवी झाली, टॉर्च दातांत धरला. एकोणसत्तराव्या वर्षी आपण असं पडलेलं कुणी पाहिलं नाही हे चांगलं की वाईट, ते तिला ठरवता येईना. स्क्रू गंजले नव्हते. काटा हातात आला, चहाच्या बशीएवढाही नव्हता. तिनं तो उलटा केला. मागच्या पत्र्याला हिरव्या रंगाचा ओघळ सुकलेला होता.

तो हिरवा तिनं लगेच ओळखला. क्लेमच्या ट्रकचा. आतली बाजू त्यांनी दोघांनी मिळून रंगवली होती, एकाहत्तर साली, ग्लेन व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात. सुगीच्या दिवसांत ती त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसून शेतं ते सायलो अशा फेऱ्या करायची. पाय वर घेऊन बसायची, गव्हाचं भूस केसांत घेऊन घरी यायची. अठ्ठ्याऐंशी साली ट्रक भंगारात गेला. क्लेम त्या दिवशी बसनं घरी आला होता. "गेला," एवढंच म्हणाला आणि दोन दिवस शेडमध्ये काहीतरी खुडबुडत राहिला. तिनं विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. आणि पंचवीस वर्षं तो ट्रकचा तुकडा दर रविवारी त्यांच्याबरोबर मूंटा बेला येत होता.

ती काटा मांडीवर घेऊन डाव्या बाजूच्या सीटवर बसली. तिला राग आला नाही. पण सांगायला काय झालं होतं त्याला? 'हा आपल्या ट्रकचा बघ,' चार शब्द. ती म्हणाली असती, 'हो का?' आणि दोघं हसली असती. तेवढं एक हसणं आता कुठूनही मिळणार नव्हतं. शेडच्या पत्र्यावर ऊन कडकड वाजत होतं. चहाची वेळ कधीच टळून गेली होती.

पोर्ट पिरीला ती आपल्या छोट्या गाडीनं गेली. मांडीशेजारी टॉवेलात गुंडाळलेला काटा, जॅमच्या बरणीत तीन निकामी सेन्सर आणि दुसऱ्या बरणीत खराखुरा जॅम. कोसिमोचं घर शिसं गाळण्याच्या कारखान्याच्या अलीकडच्या गल्लीत. म्हातारा एक्याऐंशीचा, बुटका, भुवया झुडपासारख्या. मागच्या अंगणात शेड आणि तिच्यात भिंतभर बिस्किटांचे पत्र्याचे डबे. दुकान बंद करताना मुलगा सगळं फेकून देणार होता, ते म्हाताऱ्यानं घरी आणून ठेवलं होतं.

"हा," त्यानं काटा हातात घेतल्या घेतल्या म्हटलं, "हा मीच बसवून दिला होता ट्रकला. आणि सेन्सरही मीच शोधून दिला होता त्याला, गाडीसाठी. आटे होल्डनचे, पण पोटातला मसाला ट्रकचा. एक महिना लागला होता."

"तुम्हाला आठवतंय?"

"नाही. पण एक महिना लागतोच."

त्यानं चार डबे उतरवले आणि तिला म्हणाला, "चला स्वयंपाकघरात. शेगडी तिथं आहे."

स्वयंपाकघरात त्याची बायको नुंझिया टोमॅटो चिरत होती. त्यानं ओट्याखालून मोठं पातेलं ओढलं तशी ती कडाडली, "ते पास्त्याचं आहे."

"आज पितळेचं सूप."

"गेल्या खेपेला आठ दिवस वास येत होता त्याला."

"आठ दिवस तुझा आवाज येत होता. वास दोनच दिवस."

नुंझियानं ऱ्होडाकडे पाहून खांदे उडवले. "पन्नास वर्षं असं चाललंय. तुम्ही बसा, बाई. कॉफी घेणार?"

कोसिमोनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. एक बॅटरी, एक काटा, दोन वायरी. एकेक सेन्सर तारेला बांधून पातेल्यात सोडायचा, शेजारी थर्मामीटर, आणि पाणी तापत जाईल तसा काटा कुठं जातो ते बघायचं. साठला पांढऱ्या रेघेशी यायला हवा, ऐंशीला बरोबर मधे, शंभरला लाल पट्ट्याच्या तोंडाशी. ऱ्होडानं आकडे लिहायचं काम घेतलं. पोस्टातल्यासारखी तिनं उभी आडवी घरं आखली. कोसिमोनं वाकून पाहिलं. "क्लेमला असं लिहिता आलं असतं तर मला महिना लागला नसता."

पहिले सहा फुकट गेले. सातवा जरा जवळ आला, पण शंभरला लालच्या आत शिरला. अकरावा मेलेला निघाला. मधे पाणी बदलावं लागत होतं आणि दर वेळी नुंझिया "माझं पातेलं" म्हणून पुटपुटत होती, मग स्वतःच नळाखाली धरत होती. दोन वाजता तिनं सगळं बाजूला सारायला लावलं आणि मासळी आणि पाव वाढला. म्हातारा-म्हातारी मिठावरून भांडली, काट्यावरून भांडली, माशाच्या. ऱ्होडा दोघांकडे बघत जेवत होती. तिच्या घरी सात महिन्यांत टेबलापाशी कुणी कुणाला 'मीठ दे' म्हणालेलं नव्हतं.

चौदावा आणि एकोणिसावा, हे दोन काट्याशी जमले. साठला पांढरी रेघ, ऐंशीला मध्य, शंभरला लालचं तोंड. चौदाव्याचे आटे मोठे, इंजिनात जाणारच नाहीत असे. कोसिमोनं एकोणिसाव्याचे आटे जुन्या होल्डनच्या एका सुट्या तुकड्यात घालून पाहिले. तो बोटांनीच फिरत फिरत आत गेला.

नुंझियानं पातेलं उचलून घासायला घेतलं.

"ऐका, बाई," कोसिमो म्हणाला. "बसवताना आट्यांना टेप गुंडाळू नका. गॅरेजवाले गुंडाळतात, पाणी गळू नये म्हणून. वीज परत जाते ती आट्यांतूनच, टेपनं तिची वाट अडते आणि काटा पुन्हा खोटं बोलायला लागतो. घट्ट करा, पण मुरगाळू नका. आणि बसवायला त्या मर्व्ह-बिर्व्हला बोलावू नका."

"मीच बसवणार आहे."

"तेच म्हणतोय."

तिनं बसवला. दोन वेळा हातातून पाना निसटला, एकदा बोट सोललं. मग जॅमचं थर्मामीटर टांगून इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. पारा त्र्याऐंशी, काटा मध्यावर केसभर पुढं. ती बराच वेळ ते दोन्ही बघत उभी राहिली. मग इंजिन बंद केलं, आत जाऊन ओट्यावर दोन कप काढले आणि त्यांतला एक परत फळीवर ठेवला. असं तिच्याकडून अजून आठवड्यातून एकदा तरी व्हायचं.

मे महिन्यात जत्रा आली, खाणकामाला इथं आलेल्या कॉर्निश पूर्वजांची. कॅडिनाच्या रस्त्यावर दोन्ही कडांना माणसं, हातात पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, पोरांच्या हातात काळे-पांढरे झेंडे. गाड्यांची रांग माणसाच्या चालीनं सरकते आणि तीच जुन्या इंजिनाची खरी परीक्षा, कारण वारा लागत नाही. मर्व्हनं निघायच्या आधी येऊन तिच्या खिडकीत डोकं घातलं.

"अजून विचार कर. डॅरिल इथंच आहे."

"डॅरिलला पेस्टी खाऊ दे."

"तापली तर?"

"तापली तर मला कळेल."

मधल्या चौकात रांग अडली. पुढं कुणाची तरी गाडी बंद पडली होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काटा मध्य सोडून हळूहळू पुढं निघाला. ऱ्होडानं गाडीचा हीटर पूर्ण सोडला आणि हिवाळा तोंडावर असूनही खिडक्या उघडल्या. इंजिनची आग तिच्या पायांवर यायला लागली. पायमोज्यांच्या आत पाय भाजून निघाले, पण काटा थबकला, थोडा रेंगाळला आणि मागे सरकला. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. क्लेम अशा वेळी हीटर लावायचा आणि ती दर वर्षी म्हणायची, 'अरे, उकडतंय, बंद कर ना ते.' तो बंद करायचा नाही, का ते सांगायचाही नाही.

रांग सुटली. हार्डवेअरच्या दुकानासमोर एक म्हातारी गर्दीतून ओरडली, "क्लेम कुठाय? आज तुला बसवलंन होय?"

"गेला तो, आयव्ही. ऑगस्टमध्ये."

आयव्हीचा हात तोंडाशी गेला. तिनं काहीतरी म्हटलं, पण तोवर गाडी पुढं गेली होती आणि मागच्या गाडीचा भोंगा वाजत होता.

मिरवणुकीनंतर सगळे हिरवळीवर जमले. घडीच्या खुर्च्या, डबे, जोडपी. मर्व्हनं येऊन गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "चांगली चालवलीस." मग त्याच्या बायकोनं त्याला हाक मारली. ऱ्होडानं आपली पेस्टी गाडीत बसून खाल्ली आणि इतर निघायच्या आधी निघाली. त्या संध्याकाळी तिनं पिरीला फोन लावला. फोन नुंझियानं घेतला. कोसिमो झोपला होता, छातीत कफ झालाय म्हणाली. "उद्या सांगते त्याला." दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. ऱ्होडा होल्डन घेऊन पिरीला गेली आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. तिथं तिला ओळखणारी एकटी नुंझियाच होती, आणि तिच्याभोवती नातेवाइकांची एवढी गर्दी होती की तिच्यापर्यंत पोचता पोचता ऱ्होडानं नाद सोडला. बाहेर येऊन तिनं मिनर्विनींच्या दारात जॅमच्या दोन बरण्या ठेवल्या आणि परत फिरली.

जुलैत रविवारी ग्लेनचा फोन आला.

"आई, गाडीचं काय ठरवलंस?"

"तिकडं आणते."

"कुठं तिकडं?"

"काल्गुर्लीला. सप्टेंबरात."

"आई, मधे काही नाही. बाराशे किलोमीटर नुसतं रान. आणि ती पन्नास वर्षांची गाडी."

"मी एकोणसत्तरची आहे. गाडीचा काटा तरी दिसतो."

तो हसला. फोनवर तो हसलेला तिला बऱ्याच वर्षांत ऐकू आला नव्हता.

सप्टेंबरात ती निघाली. उजेडात चालवायचं, कांगारू बाहेर पडायच्या आत थांबायचं, असं करत पाच दिवस. त्या सरळ रस्त्यावर तास-तास समोरून कुणी यायचं नाही. आलं तर स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं, तेवढाच माणसाचा संबंध. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की पेट्रोल पंपावर 'भरून द्या' म्हटल्यापलीकडे आपण सकाळपासून तोंड उघडलेलं नाही. मग ती मोठ्यानं काट्यावरचे आकडे वाचत गेली. "ऐंशी. ऐंशी. चढ आहे, पंचाऐंशी. उतरला, ऐंशी."

काल्गुर्लीला पोचली तेव्हा ग्लेन पाळीवर होता. तिनं त्याच्या घरासमोर गाडी लावली आणि तीन तास आत बसून राहिली. समोरच्या घरातली बाई दोनदा पडद्याआडून बघून गेली. अंधार पडायच्या सुमारास ग्लेन लाल मातीनं माखलेला आला आणि गेटपाशी थबकला. केस पिकले होते त्याचे. फोनवर ते दिसत नव्हते.

"एकटी आलीस?"

"मग आणखी कोण येणार?"

त्यानं गाडीभोवती फेरी मारली, अगदी बापासारखी, हात पाठीमागे बांधून. मग उजवं दार उघडून वाकला. "हा काटा ट्रकचा," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"बाबांनी बसवला तेव्हा टॉर्च मी धरला होता ना. का? तुला नाही सांगितलं?"

"नाही."

"त्यांना वाटलं असेल तुला माहीत आहे," तो म्हणाला आणि तिची बॅग उचलली. घरात अंडी आणि पावाशिवाय काही नव्हतं. त्यानं ती परतली आणि दोघांनी टीव्ही न लावता खाल्ली. ट्रकबद्दल थोडं बोलणं झालं, त्याच्या पाळीबद्दल थोडं. नऊ वाजता तो झोपला, कारण पहाटे चारला उठायचं होतं.

ती आठ दिवस राहिली. त्यातले सहा दिवस तो कामावर होता. दिवसा तिनं त्याच्या स्वयंपाकघराच्या फळ्या पुसून काढल्या आणि रात्रीचं जेवण केलं. एका सुट्टीला तो डाव्या बाजूला बसून आला, शहराबाहेरच्या कोरड्या सरोवरापर्यंत. परत निघताना त्यानं तेल, पाणी, टायर तपासले आणि खिडकीत वाकून म्हणाला, "दर मुक्कामाला फोन कर."

तिनं केला, पाचही मुक्कामांना. चार वेळा तो पाळीवर होता आणि तिनं यंत्रावर निरोप ठेवला. पाचव्या दिवशी, वॉलरूला पोचल्यावर, त्यानं स्वतः उचलला.

"पोचलीस?"

"पोचले."

"तापली नाही ना?"

"नाही."

मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसली.